काठीची होळी: एका रात्रीचे ढोल, दोन दिवसांचा रस्ता

सातपुड्यात काठीची होळी ऐकायला जायचं असेल तर आधी झोपेचं नियोजन करा, गाडीचं नंतर. हे उलटं वाटेल. पण दरवर्षी मित्रांच्या गाड्या भरून वर जातात, त्यात बहुतेकांचं रस्ता, जेवण, कॅमेरा सगळं ठरलेलं असतं आणि झोपेचं काहीच ठरलेलं नसतं. मग रात्री दोनला, जेव्हा ऐकण्यासारखं सगळं सुरू असतं, तेव्हा अर्धी मंडळी गाडीत घोरतात. आणि सकाळी देवगोईचा घाट उतरताना स्टिअरिंगवर नेमका तोच बसतो ज्याने रात्रभर डोळा लावलेला नाही.

काठी हे नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातलं गाव. पश्चिम खानदेशातल्या सहा मेहवाशी, म्हणजे छोट्या आदिवासी संस्थानांपैकी हे एक, म्हणून इथली होळी राजवाडी होळी. ती १२४६ पासून चालत आल्याचं काठीत सांगितलं जातं. आपल्याकडे जळगाव-धुळ्यात होळी संध्याकाळी पेटते आणि दहापर्यंत चौक रिकामा होतो. काठीला होळी पेटते पहाटे, पाच-साडेपाचच्या सुमारास. त्याआधीची अख्खी रात्र नाचाची आणि ढोलांची. उंच बांबूचा दांडा गुजरातच्या जंगलातून आणतात, साठ-सत्तर फुटी, आणि त्याचा खड्डा कुठलंही अवजार न वापरता हातांनी उकरतात. त्या खड्ड्यापाशी आधी जाऊन उभं राहा. मैदानाचा मध्य तोच, आणि रात्रभर सगळं त्याच्याभोवती फिरतं.

होळी कुठल्या वारी येईल हे पंचांग ठरवतं, शनिवार-रविवारला ती येईलच असं नाही. पण काठीनंतर पुढच्या रात्री आसपासच्या गावांच्या आणि मोलगी भागातल्या होळ्या सुरू राहतात. प्रत्येक गावाची रात्र गावकरीच ठरवतात. म्हणून सुट्टी शनिवार-रविवारचीच असेल तर होळीच्या आठवडाभर आधी अक्कलकुवा किंवा मोलगीच्या बाजारात विचारून ठेवा. तो आठवडा भोंगऱ्या बाजारांचा असतो. दाळ्या, गूळ, खजूर, हार-कंगन, घुंगरू, सगळी होळीची खरेदी तिथे होते आणि कुठल्या गावाची होळी कधी हे बाजारात कुणीही सांगतं. या बाजाराला 'लग्नाचा बाजार' म्हणणारे व्हिडिओ खूप फिरतात. आदिवासी समाजाने हे वर्णन वारंवार नाकारलेलं आहे. तो होळीचा बाजार आहे, तो विषय तिथे काढू नका.

आता रस्ता. जळगावहून दोन वाटा. एक धुळे, दोंडाईचा, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा. दुसरी तापी ओलांडून चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, म्हणजे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने. दोन्हीकडून अक्कलकुव्यापर्यंत दोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर धरा. दिवसा जायचं तर आमचं मत उत्तरेच्या वाटेला: केळीच्या बागा, उजवीकडे सातपुड्याची रांग, रहदारी कमी. पण अंधार पडल्यावर त्या वाटेने जाऊ नका. मार्चमध्ये उसाची वाहतूक सुरू असू शकते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी उसाची ट्रॉली शिरपूर-शहाद्याच्या टप्प्यात केव्हा समोर येईल सांगता येत नाही. ८० च्या वेगात ती पन्नास मीटरवर दिसली तर ब्रेक लागेपर्यंतच वीस-पंचवीस मीटर संपलेले असतात. रात्री निघणार असाल तर धुळ्यावरून. कुणी सुरतेहून किंवा भुसावळकडून रेल्वेने येणार असेल तर त्याला नंदुरबार स्टेशनवर उतरायला सांगा, सुरत-भुसावळ मार्गावरचं ते सगळ्यात सोयीचं ठिकाण.

अक्कलकुव्यात टाकी भरा, टायरची हवा बघा आणि स्टेपनीचीही बघा. वर काठीपर्यंत देवगोई घाट आणि मोलगी करून पंचेचाळीसेक किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन नव्वद. सात माणसं आणि सामान असलेली गाडी घाटात सपाटीच्या मानाने बरंच जास्त इंधन खाते. सपाटीवर लिटरला पंधरा देणारी गाडी दहाच देईल असं धरून हिशोब करा. चढताना वळणावर हॉर्न द्या. क्रुझर आणि पिकअप माणसांनी भरून येत असतात, दुचाकीवर तिघे-चौघे असतात. अरुंद जागी उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम कायद्यातही आहे. वर पोचायची वेळ सूर्यास्ताच्या आत ठेवा. अक्कलकुव्याहून साडेतीनला निघालात तर सुखाने पोचाल.

गाडी मैदानाजवळ नेऊ नका. गावाच्या अलीकडे, तोंड मोलगीकडे करून, रस्त्याच्या एका कडेला लावा आणि एक किलोमीटर चाला. जवळ लावलेल्या गाड्या रात्री दहानंतर येणाऱ्यांमध्ये अडकतात आणि सकाळी नऊ-दहापर्यंत निघत नाहीत. कुणाला बरं वाटेनासं झालं तर अडकलेली गाडी काही कामाची नाही.

झोपेकडे येतो, कारण सगळा डोलारा यावर उभा आहे. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सकाळी सातला उठलेला माणूस मध्यरात्रीच ती ओलांडून गेलेला असतो, थेंबही न पिता. म्हणून गाडीमागे दोन चालक हवेत आणि दोघांची कामं वेगळी हवीत. एक चढवणारा, एक उतरवणारा. उतरवणाऱ्याने रात्री साडेनऊ-दहाला गाडीत झोपायचं आणि तीनला उठायचं. पाच तास मिळतात, रात्रीचा सगळ्यात चांगला भाग आणि होळी पेटणं दोन्ही त्याला बघायला मिळतं. चढवणाऱ्याने मग हवी तितकी रात्र जागावी. हे आधी घरी बसून ठरवा. वर गेल्यावर ढोल सुरू झाले की कुणीच झोपायला तयार होत नाही.

बाकीच्यांनी आदल्या रात्री नंदुरबार किंवा तळोद्याला मुक्काम करून सकाळी उशिरापर्यंत झोपावं, आणि दुपारी जेवल्यावर आणखी दीड तास. दीड तासच का, तर झोपेचं एक चक्र साधारण तेवढ्यात पुरं होतं आणि उठल्यावर डोकं जड राहत नाही. तेवढा वेळ नसेल तर वीस मिनिटं. मधलं, पाऊण तासाचं, सगळ्यात वाईट, गाढ झोपेतून उठवल्यासारखं होतं. चहा-कॉफीचा असर व्हायला अर्धा तास लागतो, तेव्हा वीस मिनिटांच्या डुलकीच्या आधी प्यावी, नंतर नाही. गाडीत झोपताना इंजिन बंद आणि दोन काचा दोन बोटं उघड्या. एसी लावून झोपणं म्हणजे चालू इंजिनाचा धूर आत यायला वाट देणं. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला काहीच कळत नाही.

रात्रीच्या वाजण्याचं आता सविस्तर सांगतो, कारण त्यासाठीच जायचं.

इथे स्टेज नाही. वेगवेगळ्या पाड्यांची पथकं आपापला ढोल घेऊन येतात, आपापला फेर धरतात आणि मैदानावर एकाच वेळी बरेच फेर चालू असतात. त्यामुळे मधोमध उभं राहिलं तर चार ताल एकमेकांवर चढतात आणि कानाला नुसता गोंगाट होतो. नवखा माणूस तिथेच उभा राहतो, तासाभरात थकतो आणि 'एकसारखंच वाजतंय' म्हणून निघून जातो. करायचं ते असं: एक पथक निवडा, त्याच्या फेराच्या बाहेर पाच-सहा मीटरवर उभे राहा आणि पंधरा-वीस मिनिटं तिथून हलू नका. पहिली पाच मिनिटं फक्त ढोल ऐकू येईल. मग कमरेच्या घुंगरांचा आवाज वेगळा होईल. बुध्या, म्हणजे होळीचं व्रत धरून नाचणारे; त्यांच्या अंगावर राखेचे पांढरे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला मोठाले घुंगरू आणि सुकवलेले दुधी. घुंगरू पायात नाहीत, कमरेत आहेत, त्यामुळे ते पावलाला न वाजता कमरेच्या झटक्याला वाजतात, आणि दहा-बारा जणांचा झटका एकत्र पडला की ढोलाच्या थापेला उत्तर दिल्यासारखं वाटतं. हे एकदा कानाला लागलं की दुसऱ्या पथकाकडे जा. फरक तिथे कळेल: लय कुठे मोडते, फेर कोणाच्या इशाऱ्यावर दिशा बदलतो, कुठला ढोल खोल आणि कुठला तंग लावलेला आहे.

ढोल शेकोटीजवळ नेऊन धरलेला दिसला तर तिथे थांबा. चामडं हवेतला ओलावा ओढतं, ढिलं पडतं आणि आवाज बसतो. शेक दिला की ओल जाते, चामडं ताणतं आणि आवाज वर येतो. पहाटे हवा गारठते तसा हा शेक जास्त वेळा द्यावा लागतो. शेकून आणलेला ढोल पहिल्यांदा वाजतो ती थाप अगदी वेगळी असते. ती ऐकायला मिळणं हे या रात्रीचं मोठं सुख आहे.

बासरी आणि पावरीसाठी मात्र जागा बदला. पावरी म्हणजे दुधीचा तुंबा, त्यात बसवलेल्या बांबूच्या नळ्या आणि पुढे शिंगासारखं तोंड. ढोलाच्या बाजूला तिचा आवाज दबतो. वाजवणाऱ्याच्या मागे किंवा बाजूला दोन मीटरवर उभं राहिलं तरच नीट कानावर येतो. मैदानाच्या कडेला, उतारावर बसलेल्या बायकांच्या घोळक्यांतून गाणी चालतात, तीही जवळ गेल्याशिवाय कळत नाहीत. बोली भिलीची, आपली अहिराणी इथे चालत नाही. मराठीत विचारलं तर अर्थ सांगतात.

बारा ते दोन गर्दी सगळ्यात जास्त, धूळही सगळ्यात जास्त. बघे साधारण दोननंतर पांगायला लागतात आणि मैदान नाचणाऱ्यांचं होतं. अडीच ते साडेचार ही वेळ राखून ठेवा. पौर्णिमा असल्यामुळे चंद्र रात्रभर आकाशात असतो, टॉर्च जवळजवळ लागत नाही. मग दांडा उभारायची लगबग सुरू होते आणि फेर मध्याकडे ओढले जातात. त्या वेळी पुढे घुसू नका. साठ फुटी बांबू माणसं हातांनी उभा करत असतात, त्यांना जागा लागते. होळी पेटल्यावर दांडा कुठल्या दिशेला पडतो इकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तुम्ही पंचवीस-तीस मीटर मागेच राहा.

कानांची काळजी घ्या, ही गोष्ट कुणी मनावर घेत नाही. ८५ डेसिबलचा आवाज ८ तास सोसतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. जवळ उभं राहिलं तर ढोलांचा घोळका तिथे सहज पोचतो. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. बोटांनी बारीक वळून, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढून, आत सरकवून अर्धा मिनिट धरून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी ठेवले तर उपयोग नाही. कापसाचाही नाही. बोळे घालून ढोलाचा खर्ज तसाच अंगात जाणवतो, घुंगरू मात्र थोडे दबतात.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर मोबाईलचा व्हिडिओ ढोलासमोर धरून काहीच हाती लागत नाही. फोन आवाजाची पातळी आपोआप वर-खाली करतो: थाप पडली की सगळं दाबतो, थाप थांबली की गर्दीचा कलकलाट वर काढतो. पातळी हाताने लावता येईल असं ॲप घ्या किंवा छोटा रेकॉर्डर न्या. सगळ्यात मोठी थाप रेकॉर्डरच्या पातळीपट्टीवर उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल इतकी पातळी खाली ठेवा, कारण शेकून आलेला ढोल आधीपेक्षा जोरात वाजतो आणि फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. तीन मीटरवरून बारा मीटरवर आलात तर १२ डेसिबल कमी, आणि घुंगरू-ढोल यांचा तोल नीट बसतो. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ डब्ल्यूएव्ही फाईल तासाला साधारण ७०० एमबी घेते. कार्ड आणि पॉवरबँक त्या हिशोबाने. फोन विमान मोडवर टाका: वर नेटवर्क तुटक असतं, ते शोधण्यातच बॅटरी उतरते.

नेटवर्क नसल्यामुळे भेटायच्या वेळा ठरवून घ्या: बारा, दोन, चार, गाडीपाशी. कुणी आलं नाही तर दोघांनी शोधायला जायचं, बाकीच्यांनी तिथेच थांबायचं. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

तिथे वागण्याचं एकच सूत्र सांगतो: हा व्रताचा उत्सव आहे. अंगाला राख लावलेले, बुध्या किंवा बावा बनलेले लोक पाच-सात दिवस पालनी करत असतात. खाटेवर झोपत नाहीत, ब्रह्मचर्य पाळतात, शिवाशिव पाळतात. सेल्फीसाठी त्यांच्या खांद्यावर हात टाकणं, टोपाला हात लावणं म्हणजे त्यांचं व्रत मोडणं. फोटो लांबून, विचारून, फ्लॅशशिवाय. ड्रोन नेऊच नका. फेरात आपण होऊन शिरायचं नाही, कुणी हात पुढे केला तर जायचं. बऱ्याच ठिकाणी ते बोलावतात, आणि बोलावलं तर लाजू नका.

खाण्यापिण्याचं सामान खालूनच न्या. पाणी माणशी पाच लिटर, सात जणांना वीस लिटरचे दोन जार. मार्चपासून वरच्या पाड्यांवर पाण्याची ओढ सुरू होते, तिथल्या हापशावर आपण सात जणांनी हात-पाय धुणं बरं नाही. दशम्या सगळ्यात उत्तम, दुधात भिजवलेलं पीठ दीड-दोन दिवस मऊ राहतं. माणशी आठ. सोबत शेंगदाण्याची चटणी, ठेचा, गूळ. कळण्याची भाकर आदल्या दिवशी केलेली असली तरी चालते. डब्यात ओली भाजी आणि भात नको, दुपारच्या उन्हात बंद गाडीत रात्रीपर्यंत आंबतात. दिवसा ऊन ३५ अंशांच्या वर आणि पहाटे शाल लागते, तेव्हा दोन्ही कपडे. धुळीसाठी सुती उपरणं नाकातोंडाला. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा.

मोहाची दारू कुणी पुढे केली तर नको म्हटल्याचा राग येत नाही. ती किती कडक आहे हे चवीवरून ठरत नाही, प्रत्येक घरची वेगळी. उतरवणाऱ्या चालकाने एक घोटही घ्यायचा नाही. परत सुरतेकडे सागबाऱ्यावरून जाणार असाल तर गाडीत बाटली ठेवू नका, सीमेपलीकडे दारूबंदी आहे.

सकाळी होळी झाली की लगेच निघू नका. त्या वेळी सगळ्या गाड्या एकदम सुटतात आणि सगळे चालक रात्रभर जागलेले असतात. सावलीत चादर टाकून सगळ्यांनी तीन तास झोपा, दशम्या खा, दहा-साडेदहाला निघा. फार उशीरही नको: दुपारी दोन ते चार ही झोपेची दुसरी वेळ, तोवर घाट मागे पडलेला हवा. उतरताना ज्या गिअरवर चढलात त्याच गिअरवर, बहुतेक ठिकाणी दुसरा. ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड. ब्रेकवर पाय ठेवून सलग उतरलं की पॅड तापतात, पकड सुटते आणि जळका वास येतो. वास आला की बाजूला थांबा, वीस मिनिटं नुसतं थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, ती वाकते. रस्त्यात पोरं दोरी आडवी धरून होळीचा फाग मागतात, दहाच्या नोटा वरच्या खिशात असू द्या आणि लांबूनच वेग कमी करा.

दुसऱ्या रात्रीही एखाद्या गावाची होळी करायची असेल तर दुपारी तळोदा किंवा अक्कलकुव्याला खोली घेऊन सलग पाच तास झोपा, आणि चालकांची कामं उलट करा. अंग फार आंबलं असेल तर शहाद्याकडे उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, पण तिथे डुंबून लगेच स्टिअरिंगवर बसू नका, गरम पाण्याने झोप आणखी दाटते. परतीला नंदुरबारजवळ मिरचीच्या पथारी अजून पसरलेल्या असतील तर काचा वर करा, लाल रंग डोळ्यांना छान दिसतो पण ठसका गाडीत अर्धा तास राहतो.

घरी पोचल्यावर रेकॉर्डिंगच्या फायलींना त्याच दिवशी नावं द्या: पाड्याचं नाव, किती ढोल, किती वाजता. दोन दिवसांनी कुठला ढोल कुणाचा हे सांगता येत नाही. आणि वाजवणाऱ्यांपैकी कुणाचा तरी नंबर वरच मागून घेतलेला असू द्या, म्हणजे त्यांचं वाजवणं त्यांच्याकडे पाठवता येईल. पाठवताना पूर्ण वीस मिनिटं पाठवा, तीस सेकंदांचा तुकडा नको.